एक शिवळ कमी

राळेगाव, रविवार, संध्याकाळ

आज दादानं रोडवरच्या नव्या हॉटेलात जेवाले नेलं. दारात आमचीच बैलबंडी उभी, त्यानं मागच्या महिन्यात विकलेली. बाजूले पाटी: जू, धुरा, आख, तुंबा, आरे, धाव, शिवळ. खाली 'माहिती' म्हणून दादाचं नाव.

दादाले आख कोनता न तुंबा कोनता, काही समजत नाही! हॉटेलवाला नावं विचाराले घरी आलता तेव्हा मी सांगाले लागली, तर बाबा म्हणे, "तू चहा ठेव. पोरगा सांगते." अन् पोरगा घडीघडी सैपाकघरात येऊन मलेच विचारून जाये. मी बी कायले सांगितलं?

लहानपनी आखाले वंगण मीच लावो. पोरीनं जू वलांडू नये म्हणून मार बी मीच खाल्ला.

पाटीवर लिवलं हाये, 'शिवळा दोन: बैलाची मान जुवात राहावी म्हणून टोकाले लावायच्या खुंट्या.' दोन? जुवाले एकच हाये. बंडी न्यायच्या दिवशी दुसरी शिवळ मीच उपसून घेतली. माह्या पेटीत हाये, साड्याईखाली.

कोनाच्या ध्यानात बी येनार नाही. त्या बंडीले आता बैल कोन जुपते?