नमुन्याशी न जुळणारे नाणे

प्रति,
मा. मुख्य परीक्षक,
सोने-चांदी परीक्षण कार्यालय

विषय : खरे नाणे खोटे ठरवल्याबद्दल व कार्यालयाचा नमुना तपासण्याबद्दल.
संदर्भ : आपला शेरा, 'नमुन्याशी जुळत नाही, सबब खोटे.'

महोदय,

"सोनं आगीत हसतं गं, पितळ रडतं," असे अर्जदाराच्या सासूबाई म्हणत. शेवटच्या दुखण्यात त्यांनी उशाखालचे सोन्याचे नाणे अर्जदाराच्या, म्हणजे धाकट्या सुनेच्या, मुठीत ठेवले. "दोघी सुनांचं आहे, तू सांभाळ." त्या गेल्यावर थोरल्या जाऊबाईंनी ते दाताखाली धरून पाहिले आणि चारचौघांत म्हणाल्या, "खरं विकून खाल्लंस, आणि हे पितळ आमच्या गळ्यात मारतेस?" हा डाग पुसावा म्हणून अर्जदार आपल्या दारी आली. तिला वाटले, कान सोनारानेच टोचावेत.

१. आपल्या परीक्षकांनी कसोटीच्या दगडावर दोन रेघा ओढल्या, एक नाण्याची, एक कार्यालयाच्या नमुन्याची. दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडला. नमुन्याची रेघ फसफसून हिरवी झाली आणि उडाली. नाण्याची जागच्या जागी हसत राहिली. परीक्षक म्हणाले, "बघा बाई, जुळत नाही. खोटं."

२. नमुनाच तपासा म्हटल्यावर उत्तर मिळाले, "नमुना खोटा निघाला तर आजवरचे सगळे दाखले खोटे ठरतील. म्हणून तो खराच आहे." या शहाणपणापुढे अर्जदाराने हात टेकले. खरा नमुना कोणाच्या बोटात अंगठी होऊन बसला आहे, हे विचारण्याची तिची पायरी नाही.

३. मग अर्जदाराने सासऱ्यांच्या बँडच्या कोटाचे पितळी बटण तपासायला दिले. ते तंतोतंत जुळले. 'शुद्ध सोने' असा शिक्क्याचा दाखला मिळाला. बटणाला दोरा अजून लोंबतो आहे, तो कोणालाच दिसला नाही. आपले अभिनंदन.

४. त्या दाखल्यावरून जाऊबाई आता कोटाची उरलेली बटणे वाटून मागतात. अर्जदार मात्र चोरच राहिली आहे. ती खोलीत आली की कपाटाला कुलूप लागते, आणि किल्ली कमरेला खोचताना तिच्याकडे पाहिले जाते.

सबब, नमुना अर्जदारासमक्ष तेजाबात घालावा व शेरा खोडावा. साक्षीदार म्हणून नवऱ्यास सही करायला सांगितले आहे. आजवर ते मूग गिळून बसले आहेत. सही करतात की नाही, हा त्यांचा कस. तो लावायला आपला दगड नको.

पितळेच्या दरबारात न्याय मागणारी, तरीही
आपली नम्र,
(सही)
धाकटी सून
दि. ७ फेब्रुवारी

सोबत : बटण, दोऱ्यासह. त्याचा दाखला. नाणे जोडलेले नाही, ते अर्जदार हातातून सोडणार नाही.

साक्षीदार (अर्जदाराचा नवरा) : सही केली आहे. आईनं नाणं दिलं तेव्हा मी दाराशीच उभा होतो. कडेची खाच मी लहानपणापासून ओळखतो. हे तेच नाणं. वहिनीला भ्यालो, आणि हिला चोर होऊ दिलं.