दिवा कोणता, वेळ काय, तेव्हा काय चालू होतं

सोमवार, ३ मार्च

कंपनीने भाग पाडलं म्हणून लिहिते आहे. असल्या वह्या भरायची मला हौस नाही. दोन आठवडे इंटरनेट सारखं तुटतंय आणि हेल्पलाइनवरची मुलगी म्हणते, "मॅडम, नोंद ठेवा. तारीख, वेळ, राउटरच्या डब्यावर कोणता दिवा लागला होता आणि तेव्हा काय चालू होतं. त्याशिवाय तक्रार पुढे जात नाही." माल यांचा खराब, नोंद मी ठेवायची! ठीक आहे. छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. नोंद कशी ठेवतात ते दाखवतेच.

११:१२ – तुटलं. दिवा एकही नाही. मग एकेक करत लागले. तीन मिनिटं.
११:३१ – पुन्हा तेच.

तेव्हा काय चालू होतं: यांचा बोलण्याचा तास. नोव्हेंबरात यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता काठी घेऊन चालतात, उजवा पाय फरफटत येतो. शब्द मनात असतो, तोंडात येत नाही. आणि हा माणूस बस डेपोत कंट्रोलर होता, भोंग्याशिवाय गाड्या सोडायचा! शिकवणाऱ्या बाई परगावी असतात. सोमवार-बुधवार-शुक्रवार, अकरा ते पावणेबारा, लॅपटॉपवर. पहिल्या सहा महिन्यांत जे येईल ते येईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. चार गेले.

आज बाईंनी छत्रीचं चित्र धरलं. हे "छ... छ..." करत बसले. मी सांगितलं, छत्री. आणि बाईंचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजला. तुटलं!

मंगळवार, ४ मार्च

दिवसभर एकदाही तुटलं नाही. आज तास नव्हता ना! बरोबर.

बुधवार, ५ मार्च

११:०९. दिवा एकही नाही.
तेव्हा काय चालू होतं: बाईंनी विचारलं, सकाळी काय खाल्लंत? यांनी "प... पो..." केलं. मी सांगितलं, पोळी. तुटलं.

हेल्पलाइन. वीस मिनिटं तीच टिणटिण धून. मग एक मुलगा.
"लाल दिवा होता का?"
"कोणताच नव्हता."
"लाल लागला की फोन करा, मॅडम."
शी! हे लोक पगार कसला घेतात?

गुरुवार, ६ मार्च

कंपनीचा तारवाला आला. बूट घालून थेट आत. "काकू, वायर वाकलीय." मी कोणाची काकू नाही. पिन बदलली, तारेचे तुकडे आणि प्लास्टिकचा कचरा माझ्या जमिनीवर टाकून गेला. "आता बघायचं काम नाही!" म्हणे. कचरा मी उचलला. हे खुर्चीत बसून बघत होते. चेहऱ्यावर काही नाही.

शुक्रवार, ७ मार्च

तीनदा! ११:०६, ११:१९, ११:३७. पहिल्यांदा मी "कुलूप" सांगितलं तेव्हा, दुसऱ्यांदा "मंगळवार", तिसऱ्यांदा यांनी "खिडकी"ला "खिकडी" म्हटलं ते दुरुस्त केलं तेव्हा. कंपनीला सगळं हवंय, तर घ्या सगळं.

बाईंचा नंतर फोन. आवाज गोड, मजकूर कडू. "ताई, असं तुटत राहिलं तर काहीच होत नाही. माझ्याकडे यादी आहे हो. सतरा तारखेपर्यंत सुरळीत झालं नाही, तर ही वेळ मी दुसऱ्या पेशंटला देते."

यांना सांगितलं. खाली मान. एका कुचकामी कंपनीपायी या माणसाचं बोलणं जाणार!

शनिवार, ८ मार्च

तुटलं नाही. चीड येते, गरज नसते तेव्हा कसं छान चालतं!

सोमवार, १० मार्च

सकाळी तारवाल्याने इंटरनेटचा डबा बदलला. नवाकोरा. पांढरा, चार कान असलेला. "हा म्हणजे एकदम टॉप, काकू."
११:१४ – मी "चमचा" सांगितलं. तुटलं.
टॉप!

बुधवार, १२ मार्च

दाढ काढायची होती, पुढची वेळ मिळेना. तासाला नणंदबाईंना बसवून गेले. तोंडात कापूस घेऊन परत आले तर बाईसाहेब बाहेरच्या खोलीत पाय पसरून पेपर वाचतायत!

"तुटलं किती वेळा?" मी खुणेनेच विचारलं.
"कुठे काय? पाऊण तास मस्त चाललं. वहिनी, माझा पायगुण आहे बघ."
"तुम्ही शेजारी बसला नव्हतात?" कापूस काढून विचारलं.
"दादाने हाताने हाकललं मला. जा म्हणाला. म्हणजे म्हणाला नाही, पण कळलं."

दाढेपेक्षा हे जास्त ठणकलं. का ते कळत नाही.

गुरुवार, १३ मार्च

तारवाल्याला पुन्हा बोलावलं. या वेळी बूट बाहेर काढायला लावले. त्याने फोनवर जुन्या-नव्या दोन्ही डब्यांची आतली नोंद उघडली. म्हणजे डबाही वही ठेवतो!

"काकू, लाइन एकदाही तुटलेली नाही. डब्याची वीज जाते दर वेळी."
"पंखा चालू असतो."
"मग एक्स्टेन्शन बोर्ड. बोर्ड कुठाय?"

टेबलाखाली, जमिनीवर. लॅपटॉप आणि डबा दोन्ही त्यावरच. लॅपटॉप बॅटरीवर चालतो म्हणून तो बंद होत नाही. तारवाला गुडघ्यांवर आत शिरला, धुळीने माखून बाहेर आला. "बोर्ड ठणठणीत. फक्त बटणावर पावडर सांडलीय. पुसून घ्या."

तो गेल्यावर मी खाली वाकून बघितलं. पांढरी पावडर. वास घेतला.

ही पावडर घरात एकाच ठिकाणी लागते. यांच्या उजव्या पायाच्या बोटांमध्ये, रोज सकाळी, मी लावते. पाय सरळ राहावा म्हणून बांधलेल्या पट्ट्याने कातडी सोलवटते म्हणून.

पुसली नाही. यांना काही बोलले नाही. वही पहिल्या पानापासून वाचली, मुद्रित वाचतात तशी, पेन्सिल हातात धरून. दर नोंदीत, तुटण्याच्या आधी, तेच. मी सांगितलं. मी सांगितलं. मी दुरुस्त केलं.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. स्वतःच्या हाताने लिहिलेली, ओळीमागून ओळ तीच चूक, दिसली नाही! शी! हेल्पलाइनवरच्या पोरांना नावं ठेवत होते.

शुक्रवार, १४ मार्च

आज मुद्दाम नेहमीच्याच जागी बसले. बाईंनी किल्लीचं चित्र धरलं. "कि... कि..." मी सांगितलं, किल्ली. सांगता सांगताच पेन्सिल खाली पाडली आणि वाकले.

उजवा पाय. डॉक्टर म्हणाले होते, अंगठा हलला तर नशीब समजा. व्यायाम शिकवणारा दर आठवड्याला मान हलवून जातो. तो पाय पट्ट्यासकट सरकत सरकत बोर्डाशी आला. अंगठा वर उचलला. थरथरत होता. मग बटणावर. टक्! बंद. पुन्हा टक्! चालू.

वर आले. स्क्रीन थिजलेली. यांच्या कपाळावर घाम, आणि नजर थेट माझ्याकडे. चोरी करताना पकडलेल्या माणसाची नव्हती ती. डेपोत उशिरा आलेल्या ड्रायव्हरकडे बघायचे, ती.

"अहो, हे तुम्ही करताय? बोलणं बंद पडेल तुमचं कायमचं! कळतंय का?" मी ओरडले.

"तू..." हे म्हणाले.

पुढचा शब्द माझ्या तोंडात तयार होता. तीन-चार तयार होते. मी दात आवळले. दाढेच्या खड्ड्यात कळ गेली. भिंतीवरचं घड्याळ, पंख्याची घरघर, यांचा जबडा हलतोय, थांबतोय.

"...ग... गप. बस."

नोव्हेंबरनंतरचं पहिलं पूर्ण वाक्य. एकही चूक नाही.

मी गप बसले. मग हातरुमाल शोधायला आत गेले.

शनिवार, १५ मार्च

बाईंना फोन करून खरं ते सांगितलं. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "ताई, सोमवारचा तास होऊ दे, मग ठरवू." अंगठ्याचं व्यायामवाल्याला सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही.

हेल्पलाइनला फोन करून तक्रार मागे घेतली. "दोष कशात होता, मॅडम? लिहावं लागतं."
"घरातला होता, असं लिहा."

सोमवार, १७ मार्च

आज सकाळी १०:५० वाजता यांच्या ताब्यात दिलं ते असं –
बोर्ड, टेबलाखालून काढून वर, यांच्या डाव्या हाताशी. बटण पुसून.
बाईंनी सरावाला पाठवलेली चित्रांची पेटी, सगळी कार्डं.
खोलीचं दार, आतून लावायचं.
माझी खुर्ची बाहेर आणली.

अकरा ते पावणेबारा. डब्याचे दिवे सगळे हिरवे होते की नाही, माहीत नाही. मी बाहेर होते. पण बाई शेवटी फोनवर म्हणाल्या, "बुधवारी भेटू."

दार उघडल्यावर यांना विचारलं, "दिलं ते सगळं मिळालं ना?"

"मि..."

घड्याळाकडे बघत उभी राहिले. बावीस सेकंद.

"...ळालं."