फोटोतला निळा झेंडा

मंगळवार, संध्याकाळ

धबधब्याचे तुषार लेन्सवर उडाले, म्हणून डोंगराच्या फोटोत पाण्याचे डाग आले होते. लॉजमध्ये लावायला हा फोटो मागणारे शेगावचे लॉजवाले शेजारी बसले होते, मी कॉम्प्युटरवर एकेक डाग पुसत होतो. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा निळा झेंडाबी डागच समजा. काढून टाका."

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावच्या विहारावरचा झेंडा तो. मी तिथलाच, हे त्यांना माहीत नव्हतं. मला तर होतं ना? तरी "हाव, काढतो" म्हणालो. एका क्लिकमध्ये झेंड्याच्या जागी आभाळ आलं.

"आता कसा मस्त!"

शिसारी आली. त्यांची, आणि त्याहून जास्त माझी.

ते गेल्यावर झेंडा परत आणला आणि फोन लावला. "झेंडा राहीन. माह्या गावचा हाये."

"मंग फोटोच नको."

नको तर नको. पण समोर बसले होते तेव्हा का नाही बोललो मी?