बोलणं वर घे

आण्णा,

तुमची ती काळी हार्ड डिस्क गेल्या आठवड्यात बाहेर काढली. तुम्ही गेल्यानंतर पुण्यानुमोदनाचा विधी झाला, तेव्हा आईने तुमचे कपडे वाटून टाकले, पण ही डिस्क आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातल्या तुमच्या एकोणचाळीस ब्लू-रे तिने कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या, आणि दहा-अकरा वर्षं त्यांना कुणी हात लावला नाही. आता घरात मोठा टीव्ही आलाय. तुम्ही सारखा लावायचात तो पिच्चर बघू, आई म्हणाली. मी डिस्क जोडली, चित्र आलं ते एकदम लख्ख. आवाज मात्र असा, की माणसं अगदी कानाशी येऊन भांडतायत, आणि गाणं सुरू झालं की बाजा दोन गल्ल्या सोडून वाजतोय. आई म्हणाली, "हे काय गं, नुसतेच वरडून राह्यलेत. बंद कर बाई."

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे, आणि बियाण्याच्या कंपनीत लागल्यापासून तर तो पुरता पक्का झालाय. पिशवीवर काहीही छापलेलं असो, त्यातले दाणे मोजून ओल्या कागदात गुंडाळायचे आणि किती उगवतात ते बघितल्याशिवाय कुणाचा शब्द खरा मानायचा नाही, याचाच मला पगार मिळतो. तेव्हा आधी टीव्हीवर संशय घेतला, मग वायरीवर, आणि शेवटी ज्याच्याकडून तुम्ही या सगळ्या पिच्चरच्या कॉप्या करून घेतल्यात त्या जुन्या जालन्यातल्या कॉम्प्युटरवाल्यावर. तुम्ही पडलात भोळे. त्याने सरळ गुंडाळलं असणार तुम्हाला, असं मी धरूनच चालले.

डब्यातली एक ब्लू-रे पुसून घेतली आणि माझी मीच कॉपी केली. कानाला तुम्हीच दिलेला हेडफोन. तुम्हाला आठवतो का? मला नोकरी लागली त्या आठवड्यात तुम्ही तो कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवलात आणि काहीच न बोलता जेवायला बसलात. मला तो टोमणा वाटला होता. पुण्याला आवाजाचं शिक्षण घ्यायला जाऊ दिलं नाही, आता हे घे, ऐकत बस! मी तो कित्येक वर्षं खोक्यातून काढलासुद्धा नाही. तर त्यात ऐकलं. ब्लू-रेवर आवाज सहा वाटांनी भरलेला असतो. पडद्यावरच्या माणसांचं बोलणं बहुतेक मधल्या वाटेने येतं, आणि बाजा, पाऊस, गर्दी बाकीच्या वाटांनी. घरच्या टीव्हीला दोनच स्पीकर, म्हणून कॉपी करताना सहाचे दोन करावे लागतात. माझ्या कॉपीत सगळं बरोबर उतरलं. तुमच्या कॉपीत मधली वाट इतकी वर चढवलेली, की बोलणं फाटत होतं. दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली, सगळ्या उघडल्या. सगळीकडे तेच. एखाद्या फाइलमध्ये झाली तर मी चूक म्हणेन. एकोणचाळीस वेळा एकच गोष्ट एकाच मापाने झाली, तर ती चूक नसते. आमच्या लॅबमध्ये असं दिसलं की मी दाणा सोडून माणसाकडे बघते.

म्हणून शनिवारी त्याच्याकडे गेले, भांडायच्याच तयारीने. धान्याच्या दुकानांच्या रांगेत तो अजून तिथेच बसतो, केस पांढरे झालेत. हार्ड डिस्कवर तुमच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली आहे, ती बघून तो उठूनच उभा राहिला. मी म्हटलं, हा आवाज बिघडवून का दिलात?

"ताई, ह्ये बिघडलेलं न्हाई," तो म्हणाला. "बिलकुल न्हाई. मुद्दाम केलेलं है. बसा जरा."

मग त्याने सांगितलं ते असं. पहिली कॉपी करताना त्याच्याच हातून घोळ झाला होता. सहाचे दोन करताना मधली वाट राहूनच गेली. म्हणजे पिच्चरमध्ये बाजा सगळा, आणि बोलणं एक अक्षर नाही. ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तुम्ही दुकानात हेडफोन लावून बसलात, चांगला पाव तास बघितलंत, आणि म्हणालात, "बराबर है. दे."

"आण्णा दुकानातून गेल्यावर मी सहज कानाला लावून पाह्यलं," तो म्हणाला, "तर माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पडद्यावर माणसं नुसते व्हट हलवून राह्यले, अन् आण्णा बराबर है म्हणून गेल्ते. दुसऱ्या दिवशी बोलावलं. समोर बसवलं, अन् मधला आवाज भरला. मंग जरा वर घेतला. अजून वर घेतला. एका जागी आण्णांनी माझा हातच धरला. म्हणले, हां, आता बोलला बघ तो! बोलणं वर घे, बाकीचं जाऊ दे. सगळ्या अशाच कर. अन् घरी सांगू नको म्हणले."

माझा विश्वास बसला नाही, आण्णा. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. मी त्याला उलटसुलट विचारलं, तुम्ही कुठल्या खुर्चीवर बसायचात, कुठला सदरा घालायचात. तो न चिडता सांगत राहिला. निघताना म्हणाला, "टाकीजमधल्या मशीनने घेतले ओ त्यांचे कान. इतकी वर्सं पिच्चर चालवला त्या खोलीत."

घरी येऊन आईला धरलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग? मला काय आज कळलं व्हय? त्येंच्या तोंडासमोर जाऊन बोललं तर समद्याला उत्तर द्यायचे. मागून काही बी इचारा, नको म्हणायचे. च्या घेता का, नको. वाढू का, नको. नको म्हणलं की माणूस परत इचारत न्हाई, म्हणून." मग तिने ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तुला ठाऊक नव्हतं? मी तर समजून राह्यले व्हते, तुला माझ्या आधी ठाऊक है."

ते वाक्य मला चार दिवस सोडत नाहीये, म्हणून हे लिहायला बसले.

टाकीजची ती वरची खोली मला आत्ता समोर दिसते. लोखंडी जिना, आत दोन मशीन, आणि पंख्याने न हलणारी गरम हवा. मी एकोणीस वर्षांची आहे. हातात तुमचा डबा, त्यात भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी, आणि ओढणीखाली पुण्याच्या कोर्सचा फॉर्म. मशीनची खडखड चाललीय. तुम्ही माझ्याकडे पाठ करून त्या चौकोनी झरोक्यातून पडद्याकडे बघताय, रीळ बदलायची खूण दिसण्याची वाट बघत. मी दारातूनच विचारते, "आण्णा, मी पुण्याला जाऊ का शिकायला?" तुम्ही मागे न बघता हात हलवता आणि म्हणता, "नको."

इतकंच. मी डबा स्टुलावर ठेवला आणि खाली उतरले. त्यानंतर पुढची सगळी वर्षं मी तुमच्यावर तो राग धरला, हे तुम्हाला कधी जाणवलं असेल का, माहीत नाही. टाकीजचे मालक वर येऊन तुमच्यावर ओरडले होते, "आवाज किती ठेवता, परदा फाडता का?" आणि तुम्ही म्हणाला होतात, "पब्लिकला बोलणं कळायला पायजे." तेव्हाही मी तुम्हाला हेकट म्हणाले. तुम्ही आजारी होतात तेव्हासुद्धा औषध देताना माझ्या मनात यायचं, हाच तो माणूस, ज्याने तोंड वळवून एका शब्दात माझा निकाल लावला. कारण न सांगता. पुण्याचा खर्च झेपणार नाही म्हणून असेल, मुलगी म्हणून असेल, आईने आधीच कान भरले असतील, असे किती संशय मी घेतले. तुम्हाला प्रश्नच पोचला नसेल, हा एक तेवढा घेतला नाही. आण्णा, मला फार वाईट वाटतंय. तुम्ही त्या हेडफोनने टोमणा मारला नव्हता. मला ऐकायला आवडतं हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुम्ही तो आणलात.

मी नव्याने केलेल्या चांगल्या कॉप्या आता दुसऱ्या डिस्कवर आहेत. आई त्या बघते. तुमच्या फाटक्या आवाजाच्या मी पुसणार होते, पण पुसवल्या नाहीत. काल दुपारी त्यातली एक लावली, आवाज अगदी बारीक केला आणि तुमच्या खुर्चीत बसून ऐकली. बाजा गेला, पाऊस गेला, बोलणं तेवढं राहिलं, स्पष्ट.

हा कागद घडी करून तुमच्या पत्र्याच्या डब्यात ठेवणार आहे. आईलाही दाखवणार नाही, कारण तिचं ते वाक्य खरं आहे की काय, असा मला आता संशय येतोय, आणि या वेळी तो दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. पुण्यात मी एकटी कशी राहणार, या भीतीने आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती. तुमचं "नको" ऐकून जिना उतरताना आधी हायसं वाटलं होतं, राग नंतर आला. आणि दुसरी गोष्ट. शाळेत होते तेव्हापासून मी तुम्हाला डबा द्यायला येत होते. प्रत्येक वेळी आत येऊन आधी तुमच्या खांद्याला हात लावायची, तुम्ही वळायचात, मग मी बोलायची. त्याशिवाय तुम्ही वळत नाही, हे मला पाठ होतं. त्या एका दिवशी मी दारातच उभी राहिले, आण्णा. हात लावला नाही.