डावीकडचे लाल ठिपके

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पाया पडते, लांबूनच. जवळ असते तरी गुडघ्यांनी वाकू दिलं नसतं. आम्ही सगळे मजेत. ह्यांचा खोकला गेला. लेकीला वसतिगृहातलं जेवण अजून गोड लागत नाही. बाल्कनीतल्या कुंडीत कबुतरानं संसार थाटलाय. तू म्हणशील, एवढ्यासाठी पत्र कशाला? फोनवर "बरा आहेस ना" विचारलं की तू "हो" म्हणून फोन वहिनीच्या हातात देतोस. पत्रातून तसं सुटता येणार नाही.

आमच्याकडे हल्ली विमान तपासायला कॉम्प्युटरवर शिकवतात. नव्यांना तर शिकवतातच, पण आम्हा जुन्यांनाही अधूनमधून बसवतात. पडद्यावर विमानाचं अंग दिसतं, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या रांगाच्या रांगा. माउसनं बॅटरीचा उजेड फिरवायचा आणि तडा, गंज, सैल रिव्हेट दिसला की तिथे टिचकी मारायची. जे सुटलं ते शेवटी लाल ठिपक्यांनी दाखवतं. मी ऐटीत बसले. आयुष्य खऱ्या विमानांखाली गेलं, मला हे चित्र काय शिकवणार! आणि दादा, पडद्याला गोवर आला.

"माउसची सवय नसेल, काकू," शिकवणारी पोरगी म्हणाली. गोड आहे ती. पुन्हा केलं, परत एकदा केलं. मग तिनं सगळ्या वेळचे ठिपके एकावर एक ठेवून पाहिले.

"काकू, उजवीकडचं तुमच्या नजरेतून काहीच सुटत नाही. सुटतं ते सगळं डावीकडे, वरच्या बाजूला."

"तिकडे उजेड कमी असेल."

"उजेड तुमच्याच हातात आहे," ती हळूच म्हणाली. मग समोर खुर्ची ओढून बसली. "माझ्या नाकाकडे बघा. आता बोटं हलवतेय, दिसतात?"

तिचं नाक दिसत होतं, कानातलं दिसत होतं. हात कुठे नव्हताच.

मी उठले ती थेट साहेबांच्या खोलीत. म्हटलं, गेल्या आठवड्यात मी तपासलेलं विमान पुन्हा तपासून घ्या.

"तुम्ही पास केलेलं?" साहेब हसले. "मग कशाला?"

"मी पास केलेलं, म्हणूनच."

नशीब, इंजिनाचं काम बाकी असल्यामुळे ते हँगरमध्येच उभं होतं. माझ्या कामातल्या जोडीदारानं शिडी लावली. दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात केसाएवढा तडा निघाला. तो खाली उतरला आणि त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. कुणाला काही झालं नाही म्हणून रडत होते, की माझं काम गेलं म्हणून, मलाच कळेना.

काचबिंदू आहे, दादा. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो. गेली ती नजर परत येत नाही. उरलेली राखायला रोज थेंब घालायचे. विमान तपासायचं माझं बंद झालं, पण नोकरी आहे. खरा तडा कुठे आणि कसा जातो ते सांगायला त्या पोरीनं मला शेजारी बसवून घेतलंय. दोघी मिळून पडद्यावर नवे तडे काढतो. तिला वाटतं मी तिच्यावर उपकार करते, मला वाटतं ती माझ्यावर करते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. डॉक्टर म्हणाले, हा आजार घराण्यात चालतो. आपले बाबा शेवटी भिंत चाचपत चालायचे, ते वयामुळे नव्हतं रे. मग डॉक्टरांनी विचारलं, "भावंडं आहेत?" म्हटलं, "एक दादा आहे. बस चालवतो." त्यांनी पेन खाली ठेवलं.

परवा वहिनी हसत सांगत होती, तू डेपोच्या फाटकाला बस पुन्हा घासलीस, आणि खांबालाच शिव्या घालत घरी आलास. मला हसू आलं नाही.

तुझी भीती मला कळते. ती बस म्हणजे तुझा जीव आहे. मलाही माझी शिडी सोडवत नव्हती. पण तुझ्या पाठीमागे माणसं बसलेली असतात, दादा. आणि घरी वहिनी आहे. आणि मी आहे, मला दुसरा भाऊ नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय. तुझ्या गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, दोघं जाऊ. काही निघालं नाही तर मला महिनाभर चिडव. निघालं तर थेंब घालायला मी शिकवीन, आधी सगळे गालावरच पडतात.

तोवर काहीही सांग, ताप आला म्हण, बहीण मरायला टेकली म्हण, पण स्टेअरिंगला हात लावू नकोस. एवढं ऐक.

निघालेच आहे,
तुझी बुटकी