गंगेला दुसऱ्यांदा देणार नाही

मंगळवार, १३ मे १९९७. नोएडा.

कुमुदिनी मनोहर साठ्ये, आज तुझ्या अस्थी गोळा केल्या. नावापुढे 'कैलासवासी' लावण्यास मी गुरुजींना मनाई केली आहे. हिमालयाच्या दिशेचा कोणताही पत्ता यापुढे तुझ्या नावाला जोडला जाऊ नये.

अस्थी घरात आणत नाहीत. कलश स्मशानातल्या अस्थिगृहात, लोखंडी कप्प्यात. कप्प्याला कुलूप, दोन किल्ल्या. तुझी बहीण विमलताई पुण्याहून आल्या आहेत. त्यांनी एक किल्ली मागितली. दिली नाही.

त्यांनी विचारले, हरिद्वारला केव्हा निघायचे. निघायचे नाही, असे सांगितले. ज्या नदीने शनिवारी तुला नेले तिच्या हाती मी तुला दुसऱ्यांदा देणार नाही. नाशिकला नेईन. गोदावरीत.

"अहो, सगळं जग अस्थी घेऊन हरिद्वारला येतं," विमलताई म्हणाल्या, "आणि तुम्ही दिल्लीत बसून उलट्या दिशेला निघालात."

होय. उलट्या.

गुरुवार, १५ मे

निखिल आला. विमलताईंचा मुलगा, कॉलेजसाठी म्हणून आपल्याकडे राहिला आणि दिल्लीचाच झाला. यापुढे केवळ नि. त्याच्या धंद्याचे वर्णन येथे एकदाच करतो: शहरी माणसांना रबरी बोटीत बसवायचे, डोक्यावर टोप, अंगात फुगीर जाकीट, हातात वल्हे, आणि ऋषिकेशच्या वरच्या गंगेच्या खळाळांतून खाली आणायचे. नव्या परदेशी कंपन्या आपले अधिकारी घाऊक पाठवतात. रविवारी एकत्र किंचाळले की सोमवारी एकत्र साबण विकता येतो, अशी ती विद्या.

त्या विद्येत माझी पत्नी, स्वेच्छानिवृत्त शिक्षिका, वय बावन्न, काय करीत होती, या प्रश्नाचे उत्तर तुझ्या हयातीत मिळाले नाही.

नि. दारातच उभा. बस म्हटले नाही. तरी बसला.

शुक्रवार, १६ मे

मे महिन्यात वर बर्फ वितळते. मैदान जितके तापते तितके तिकडचे पाणी चढते, एकदोन दिवस उशिराने. माझी सारी नोकरी केंद्राच्या कार्यालयात नद्यांचे पाणी मोजण्यात गेली. त्या आठवड्यात दिल्ली भाजत होती. ज्याच्या हातात बोट आहे त्याला एवढे कळू नये? की कळले, आणि तरीही.

नि.ला फोनवर हेच विचारले. तो "हो काका" एवढेच म्हणाला. कशाला हो?

सोमवार, १९ मे

दहावा. यमुनेकाठी. पिंड मांडले. कावळे झाडावर पुष्कळ. एकही खाली येईना.

मग नेहमीचा प्रकार सुरू झाला. इच्छा राहिली असेल ती पुरी करू, असे एकेकाने मोठ्याने सांगायचे. विमलताई म्हणाल्या, तुझ्या पैठण्या भाच्यांना वाटतो. कावळा ढिम्म. आपल्या मराठी मंडळाच्या चिटणिसांनी तुझ्या नावाने वक्तृत्वस्पर्धा जाहीर केली. एक कावळा उठून लांबच्या झाडावर गेला. तुझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या रूथबाई सोनवणे माझ्या शेजारी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "स्पर्धेला ती जिवंतपणी पण पळायची." माझी पाळी आली. मी म्हटले, निखिलचा धंदा बंद करवीन. झाड शांत.

शेवटी नि. पुढे झाला. हात जोडले आणि म्हणाला, "मावशी, काकांना मी सासूबाईतून पार नेईन."

'सासूबाई' म्हणजे तो खळाळ जिथे तू बोटीतून फेकली गेलीस. नाव तूच ठेवलेले. न सांगता अंगावर येते, आणि समोर गेल्यावाचून सुटका नाही, म्हणून. गढवाली नावाडीसुद्धा आता सासूबाईच म्हणतात.

कावळा उतरला. शिवला. विमलताई रडू लागल्या. सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

योगायोग. भूक. एवढेच.

मंगळवार, २० मे

दुसऱ्याच्या देहावर वचन देण्याची सोय कोणत्याही शास्त्रात नाही. मी पाण्यात पाऊल ठेवणार नाही, अस्थी गंगेत जाणार नाहीत. विमलताईंना हे शांतपणे सांगितले. त्या म्हणाल्या, तिचा जीव अडकेल. मी म्हटले, तो सुटला आहे, तुमच्या चिरंजीवांच्या कृपेने.

रात्रीचा स्वयंपाक त्यांनीच केला. वरण अळणी.

रविवार, २५ मे

शोकसभा. मंडळाचे सभागृह, करोल बाग. एका वक्त्याने तुला 'गंगार्पण झालेली' म्हटले. मी उठून दुरुस्ती केली: मृत्यू हृदयक्रिया बंद पडून, थंड पाण्याच्या धक्क्याने, स्थळ ऋषिकेशचे रुग्णालय. चहा लवकर आला.

बाहेर पडताना तीन जणांनी विचारले, "मग, निखिलबरोबर कधी जाताय?" कावळ्याची बातमी गाझियाबादपर्यंत पोहोचली आहे. खालच्या मजल्यावरच्या सूदसाहेबांनाही कोणी सांगितले. "भाईसाब, वादा तो वादा होता है." त्यांच्याकडे कावळ्यांना कोणी विचारत नाही, तरीही मत आहे.

बुधवार, २८ मे

विमलताई पुण्याला परतल्या. स्टेशनवर म्हणाल्या, "पोराकडे बघा जरा. जेवत नाही तो." मी म्हटले, मीही जेवत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही जेवता."

नाशिकरोडचे आरक्षण केले. एक जाण्याचे. शनिवार, १४ जून.

सोमवार, २ जून

नि.च्या कचेरीत गेलो. अठरा सेक्टरमधली नवी इमारत, पुढे सगळी काच, आत थंड हवा. भिंतीवर बोटींची मोठाली चित्रे. उघडी तोंडे, पांढरा फेस. एका चित्रात तू. पुढच्या टोकाला, वल्हे उगारलेले. हा चेहरा मी घरी पाहिलेला नाही.

चित्र उतरवावे असे सांगितले. नि.ने खुर्चीवर चढून उतरवले. मागच्या भिंतीचा रंग वेगळा निघाला. त्याने चित्र मला देऊ केले. घेतले नाही. मग कशासाठी उतरवले, ते त्यानेही विचारले नाही.

त्याच वेळी दोन तरुण आत आले, गळ्यात कंपनीचे बिल्ले. "बॉस, वॉटर लेवल मस्त है ना अभी?" नि. म्हणाला, "ज़्यादा है. आपके ग्रुप को ऊपर वाला हिस्सा नहीं कराऊँगा." त्यांनी हुज्जत घातली. तो नाहीच म्हणत राहिला.

परतताना रिक्षात एकच विचार. आता नाही म्हणता येते. तेव्हा?

गुरुवार, ५ जून

रूथबाई आल्या. डबा घेऊन. मी नि.ची चित्राची हकीगत सांगितली. रागाने सांगितली असावी. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, आता पुरे. त्या शनिवारी त्याच बोटीत त्या होत्या, मधल्या रांगेत. हे मला माहीत होते. पुढचे माहीत नव्हते.

त्यांनी सांगितले ते असे. सकाळची फेरी नीट झाली. जेवणानंतर नि.ने काठावरचा खुणेचा खडक पाहिला, पाणी चढले होते. त्याने दुसरी फेरी रद्द केली, बोट वाळूवर ओढली. तू उठलीस आणि बोट पुन्हा पाण्याकडे ढकलू लागलीस. नि. नको म्हणाला. दोनदा म्हणाला.

"आणि ती काय म्हणाली सांगू, साठ्ये? 'घरी एक माणूस आहे नाही म्हणायला. तेवढा पुरे. तू नको शिकूस.'"

मग नि. हसला, आणि बोटीत बसला.

मी विचारले, मला आजवर का सांगितले नाही. रूथबाई म्हणाल्या, त्यानेच गळ घातली होती. काकांना कुणावर तरी रागवायला हवे, मी आहे ना, म्हणाला.

डबा तसाच. मटकीची उसळ होती.

शुक्रवार, ६ जून

माझी कीव करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला.

शनिवार, ७ जून

कुमुदिनी मनोहर साठ्ये, तुला माहीत होते. मे महिन्यातले पाणी, तापमान, एकदोन दिवसांचा उशीर, हे सर्व मीच तुला आकृत्या काढून समजावले होते. तू दर शुक्रवारी वर्तमानपत्रातले तापमान पाहत होतीस. मला वाटे, साड्या वाळवण्यासाठी.

चार आठवडे मी चुकीच्या माणसाचा द्वेष केला. कसून केला. आता तो कोठे ठेवायचा? तुझ्यावर ठेवावा तर तू कलशात.

लिहून ठेवतो: मला तुझा राग आला आहे. आजवर आला नव्हता असे नाही. पण असा नाही.

रविवार, ८ जून

नि.ला बोलावले. तोंडावर विचारले. वाटले, सुटकेचा निःश्वास टाकील. टाकला नाही.

"बोट माझी होती, काका. नाही म्हणायचं काम माझं होतं. मावशीचं नव्हतं, तुमचं पण नव्हतं."

म्हणजे तेही मला मिळणार नाही. त्याला निर्दोष सोडण्याचे समाधानही.

मी विचारले, बाहेर काढल्यावर काय झाले. त्याने सांगितले: लगेच दोर टाकून ओढली. बोटीत ताठ बसली. हसत होती. "अरे, किती गार," म्हणाली. मग रूथबाईंच्या खांद्यावर डोके टेकले. सर्वांना वाटले, दमली.

हसत होतीस.

मी त्याला जेवून जा म्हटले. उसळ गरम केली, करपली. दोघांनी खाल्ली. वचनाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही, यानेच मला चीड आली. निदान आग्रह तरी करावा, म्हणजे नाही म्हणता येते.

बुधवार, ११ जून

नि.चा फोन. शनिवारी तो पहाटे वर, ऋषिकेशला, निघतो आहे. मोसमातल्या शेवटच्या फेऱ्या, मग पावसाळ्यात बंद. नाशिकची गाडी दुपारची आहे हे त्याला विमलताईंकडून कळले. थोडे उशिरा निघेन, तुम्हाला आधी स्मशानात नेतो आणि मग स्टेशनवर सोडतो, म्हणाला. टॅक्सी करीन म्हटले.

"करा ना. पण मी येतोच आहे."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. "एक सांगून ठेवतो, काका. जीपमध्ये एक जाकीट जास्तीचं आहे. तुमच्या मापाचं. पोटाचा अंदाजच घेतलाय, राग मानू नका."

राग मानला.

शनिवार, १४ जून

हे अस्थिगृहाच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. उकाडा. दिल्ली कालपासून भट्टी झाली आहे. म्हणजे उद्या-परवा वर पाणी चढणार. हे गणित मी आता कोणासाठी करतो आहे.

रखवालदाराने कप्पा उघडायला मदत केली. कलशाचे फडके धुळीने करडे झाले होते, झटकले. अपेक्षेहून हलका. तू कधीच एवढी हलकी नव्हतीस, आणि एवढी मुकाट तर मुळीच नाही.

"किधर, बाबूजी? हरिद्वार?" त्याने विचारले. सर्वांना विचारतो. मी तोंड उघडले आणि नाशिक हा शब्द निघाला नाही. हरिद्वारही निघाला नाही. तो पुढच्या माणसाकडे वळला.

फाटकाबाहेर जीप उभी आहे. टपावर गुंडाळलेली बोट, दोरांनी बांधलेली. नि. बॉनेटला टेकून माझ्याकडे पाहत नाही, मुद्दाम. मागच्या सीटवर जाकीट दिसते. नारिंगी. मापाचे वाटते. आरक्षणाचे तिकीट वरच्या खिशात. घामाने ओले होत आहे.

गेटातून निघाल्यावर उजवीकडे स्टेशन. डावीकडे पूल, पलीकडे ऋषिकेशचा रस्ता.

नि.ने एकदा हॉर्न वाजवला. लगेच हात वर करून माफी मागितली.

रिकामा कप्पा पुसून घेतला. दार ओढून कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या रखवालदाराला परत दिल्या.