डोकं फिरलंय!

१४ मे

मान टाकली! सरावाला धक्क्यावर कॅमेरा लावला, समोरच्या खडकावरच्या पांढऱ्या खांबावर नेम धरला, स्क्रू आवळला, थर्मासमधली कॉफी ओतून घेतली — आणि वर पाहतो तर कॅमेरा खाली पाण्याकडे बघत बसलेला. ट्रायपॉडचे पाय धडधाकट आहेत. पायांवरचं डोकं, ज्याच्यावर कॅमेरा बसवतात, त्याला ओझं पेलवत नाही. कॅमेरा आणि ती मोठी लेन्स मिळून सहा किलो दोनशे. माझ्या स्वतःच्या काट्यावर तोललंय, कुणाच्या शब्दावर नाही.

एकवीस जूनला आमच्या नोरविकला होड्यांच्या शर्यती. अंतिम रेषेचा फोटो अकरा वर्षं मी काढतो आणि अटीतटीचं झालं की त्यावरच निकाल लागतो. तेव्हा नवं डोकं हवं. भक्कम आणि परवडणारं! हे दोन शब्द एका दमात बोलणारा माणूस काहीतरी खपवायला आलेला असतो, हा माझा अनुभव.

१५ मे

रान्वा सकाळी म्हणाली, "बाबा, डोकं बदला." आणि हसत कामावर गेली. कुठलं ते बोलली नाही. आई गेल्यापासून पोरीची जीभ फार सैल झाली आहे.

१७ मे

राजधानीत, तोर्सहावनला जाऊन आलो. दुकानातला पोऱ्या गोड बोलणारा — तिथेच सावध झालो. एक गोळ्याचं डोकं दाखवलं, म्हणजे आत लोखंडी गोळा आणि बाजूला आवळायची कळ. सहाशे क्रोन. "बारा किलो सहज घेतं, खोक्यावर लिहिलंय." कागद काय, लिहाल ते सोसतो. मी धक्क्यावर तीस वर्षं मासळीचा काटा सांभाळला आहे. प्रत्येक टोपलीच्या तळाशी बर्फ असायचा, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगायचा की नाही.

दुसरं होतं दांडीवालं. जड, मऊ फिरणारं, हात काढला तिथेच थांबणारं. हवं ते हेच. चार हजार दोनशे! माझी उडी हजारापर्यंत. सहाशेवालं घेतलं, पण पावती जपून ठेवली आहे.

१९ मे

होड्यांच्या कोठारात नव्या डोक्यावर माझ्या काट्याची जुनी मापं लटकवली. चार किलो — ठीक. सहा — ठीक. सातला सरकायला लागलं. कॅमेऱ्याचं वजन सहा दोनशे, त्यावर वारा. बारा किलो म्हणे! उद्याच परत.

२४ मे

पैसे मिळाले. पोऱ्याने हसतमुखानेच दिले. त्याचाही काहीतरी फायदा असणार, मला अजून कळलेला नाही.

२७ मे

आज नवलच घडलं. हाइनीचा निरोप! खाडीपलीकडच्या हामर्सविकचा हाइनी. गेल्या जूनपासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. म्हणे त्याच्याकडे दांडीवालं डोकं पडून आहे — कड्यांवरचे पक्षी टिपायला येणाऱ्या डॅनिश सिनेमावाल्यांबरोबर तो बरीच वर्षं सामान वाहायला जायचा, त्यांनी जाताना ठेवून दिलं. नऊशे क्रोनला देतो म्हणतोय.

नऊशे! इथे कुठेतरी पाणी मुरतंय. आणि मला डोकं हवंय हे खाडीपलीकडे कळलं कसं?

२८ मे

झोप नीट लागली नाही. सगळं एकदा लिहूनच काढतो.

गेल्या वर्षी बायकांच्या सहा वल्ह्यांच्या शर्यतीत आमची होडी हातभर अंतराने जिंकली. माझी रान्वा मागून दुसऱ्या वल्ह्यावर. हामर्सविकच्या होडीत हाइनीची मारियुन होती. पोरगी डेन्मार्कला शिकायला जायची होती, तिची ती शेवटची शर्यत. धुकं उतरलं होतं. अंतिम रेषा दाखवणारा समोरचा पांढरा खांब दिसेना. पण मी सकाळीच नेम धरून ठेवला होता, तेव्हा फोटोच्या मधोमध जी उभी रेघ, तीच अंतिम रेषा. आमच्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, त्या रेघेला लागली, त्यांची हातभर मागे. मी फोटो घेऊन धावत सुटलो. रडलो, खोटं कशाला बोलू! माझी बायको, बाइन्ता, गेली त्याला तेव्हा चारच महिने झाले होते.

आणि हा हाइनी सगळ्या धक्क्यासमोर, पूर्वेचा वारा कापत, माझ्यावर ओरडला, "डोकं फिरलंय! त्रोंदुर, डोकं फिरलंय!" मी म्हणालो, "तुझं फिरलंय, म्हाताऱ्या!" सगळे हसले. हरलेल्या माणसाला राग येतो हे मी समजू शकतो. पण चारचौघांत वेडा म्हणणं?

आता तोच माणूस मला कॅमेऱ्याचं डोकं द्यायला निघालाय. स्वस्तात!

३० मे

हो म्हटलं. गरज माझी आहे. रान्वा म्हणाली तिला कामासाठी तिकडे जायचंच आहे, ती घेऊन येईल. बरं झालं, मला त्याचं तोंड पाहावं लागलं नाही.

१ जून

आलं. तीन किलोचं धूड. सगळे स्क्रू काढून पाहिले. तडा नाही, झाळल्याचा डाग नाही, ताजा रंग लावून झाकलेलं काही नाही. वंगणसुद्धा घातलेलं. विकायच्या वस्तूला कोण एवढी माया लावतं?

एकच वाटतंय. हे डोकं शर्यतीच्या दिवशी बरोबर वेळेला दगा देणार, आणि मग तो धक्क्यावर उभा राहून म्हणणार — बघा, याच्या फोटोचा काय भरवसा!

३ जून

कोठाराच्या भिंतीवर खडूने फुली मारली. अंगणाच्या टोकाला ट्रायपॉड, त्यावर हाइनीचं डोकं, त्यावर कॅमेरा. मधली रेघ फुलीवर. तासाभराने पाहिलं — फुलीवर. बटाट्याचं पोतं टांगलं — फुलीवर. जेवणात वाळवलेलं मटण आणि उकडलेले बटाटे, तेही उभ्याने, खिडकीतून लक्ष ठेवून. दुपारी शेजारची मेंढी येऊन ट्रायपॉडच्या पायाला अंग घासून गेली. फुलीवर!

एवढं चांगलं असूच शकत नाही.

५ जून

तिसरा दिवस. फुलीवर.

रान्वा विचारत होती, "पटलं का?" म्हटलं, खोट सापडली नाही म्हणजे खोट नाही असं होत नाही. ती खिडकीपाशी गेली. मग म्हणाली, "मग जुनं शेजारी लावून बघा की. तुम्ही तर दोन मापं ताडून पाहणारे."

बरोबर बोलली. काट्याचा पहिला नियम तोच.

६ जून

पूर्वेचा वारा. जुनं डोकं बाहेर काढलं. या वेळी खाली दोरीचा टेकू दिला, म्हणजे मान टाकायला नको, फक्त आडवं काय होतं ते बघायचं. मधली रेघ फुलीवर. खालचा स्क्रू आवळला. माझ्या मनगटात अजून जोर आहे.

वीस मिनिटांनी रेघ फुलीच्या डावीकडे. बोटभर.

मेंढीने हलवलं असेल म्हणून पुन्हा लावलं. पुन्हा डावीकडे. लांबलचक लेन्स वाऱ्याला शिडासारखी सापडते आणि डोकं मुंगीच्या चालीने फिरतं. डोळ्याला कळतही नाही.

शेजारी हाइनीचं डोकं लावलं, त्याच वाऱ्यात. ढिम्म हललं नाही.

७ जून

तीन वेळा मोजलं. तेच.

ही मोठी लेन्स मी गेल्या वर्षी मे महिन्यात घेतली. जुन्या डोक्यावर ती घेऊन आजवर एकच शर्यत टिपली आहे. ती कुठली, ते लिहायला नको.

८ जून

लिहितो. न लिहून जाणार कुठे!

धक्क्यावर कॅमेरा ठेवायच्या जागी सिमेंटात पितळी खिळा ठोकलेला आहे. त्याच जागी हाइनीचं डोकं लावलं, स्वच्छ उन्हात पांढऱ्या खांबावर नेम धरला, फोटो काढला. पाण्यात एक काळा खडक भरतीलाही डोकावतो. तो मधल्या रेघेपासून किती लांब दिसतो ते मोजलं. मग गेल्या वर्षीचा फोटो काढला. धुक्यात खांब नाही दिसत, पण खडक दिसतो.

खडक दोन बोटं उजवीकडे सरकलेला. म्हणजे कॅमेरा डावीकडे फिरलेला होता. होड्या डावीकडूनच येतात. मी जिला अंतिम रेषा म्हणालो ती रेषेच्या अलीकडे, तिरकी, भलतीकडेच होती, आणि पलीकडच्या अंगाने येणारी आमची होडी तिला आधी लागली.

खरी रेषा पेन्सिलीने आखली. रेघेला नाळ लागली ते चित्र मिळाल्यावर गेल्या वर्षी मी थांबलो होतो. कॅमेऱ्याने त्यामागून लगोलग काढलेली तीन चित्रं कुणी उघडलीच नव्हती. मी आज उघडली. तिसऱ्या चित्रात खऱ्या रेषेला एक नाळ लागते. हामर्सविकची. आमची अजून वीतभर मागे.

चषक वर्षभर आमच्या खिडकीत आहे. रान्वा दर शनिवारी पुसते. आज त्याच्याकडे पाठ करून जेवलो.

बर्फ माझ्याच टोपलीत होता. कुणी घातला नव्हता, पण होता.

हाइनी काय ओरडला होता, ते आत्ता, लिहिता लिहिता, नीट ऐकू आलं. तो माझ्याबद्दल बोलतच नव्हता! तो ट्रायपॉडच्या उजव्या अंगाला उभा होता, कॅमेऱ्याकडे बोट करत होता. डोकं फिरलंय. त्याला दिसलं, त्याने सांगितलं. अख्ख्या धक्क्यासमोर मी त्याला म्हातारा वेडा ठरवला, आणि लोक हसले. लाज वाटते. मारियुनची शेवटची शर्यत होती ती.

९ जून

रान्वाला कसं सांगायचं? तिच्या हाताला त्या उन्हाळ्यात फोड आले होते.

१० जून

सांगितलं. शब्द जुळवून ठेवले होते, ते लागलेच नाहीत. चित्रं समोर ठेवली तर तिने पाहिलीही नाहीत. म्हणाली, "आम्हाला होडीतच कळलं होतं, बाबा. सगळ्याजणींना. पण तुम्ही धावत आलात, रडत होतात. आई गेल्यावर पहिल्यांदाच. कोण बोलणार होतं?"

हाइनीकडचं डोकं तिनेच ठरवलं. किंमतही तिचीच — फुकट दिलं तर मी हात लावणार नाही, महाग सांगितलं तर घेणार नाही. "तुमच्या हातात आलं की तुम्ही मोजणार. आणि मोजलं की लपवणार नाही. एवढी खात्री होती मला."

मला साऱ्या जगाचा संशय. आणि ही पोरगी वर्षभर माझ्यावर खात्री ठेवून बसली होती.

उद्या सकाळच्या बोटीने दोघं चषक घेऊन हामर्सविकला. हाइनीला कॉफी टाकायला सांग म्हटलं, तर म्हणाली, डोकं आणायला गेले तेव्हाच सांगून आलेय.